पाणी कुठं मुरतंय?

‘कुठंतरी पाणी मुरतंय’ हे वाक्य मराठी माणूस पाण्याबद्दल क्वचितच बोलतो. ठरलेलं लग्न मोडलं, भरतीच्या यादीत भलत्याचंच नाव लागलं, नवा रस्ता तीन महिन्यांत उखडला, की आपण मान हलवतो आणि हे वाक्य म्हणतो. म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर एखादा माणूस असतो. खरं तर पाणी मुरायला माती पुरते, माणूस लागत नाही. पण या वाक्प्रचारात पाणी मुरवणारा कुणीतरी असतोच, आणि बहुतेक वेळा तो आपल्याला आधीपासून न आवडणाराच निघतो.

गेल्या हिवाळ्यात येरमाळ्याला आमच्या घरी हे वाक्य दोन्ही अर्थांनी वापरलं गेलं. निमित्त होतं एका जुन्या डिझेल गाडीतलं कमी होणारं कूलंट. विषय तसा गॅरेजचा. पण ते कूलंट शोधताना जे प्रश्न पडले, ते गॅरेजपुरते राहिले नाहीत. काहीतरी हरवतंय एवढंच कळलेलं असताना, आणि कुठं ते कळलेलं नसताना, माणसानं कसं वागावं? संशय कुणावर घ्यावा? नुसती भर किती दिवस घालत राहावी?

आधी गाडीचं सांगते. गाडी सोळा वर्षांची. बोनेटखाली कूलंटचा पांढरट प्लॅस्टिकचा डबा, त्यावर वरची आणि खालची अशा दोन खुणा. सकाळी इंजिन गार असताना वरच्या खुणेला असलेली पातळी आठ-दहा दिवसांत खालच्या खुणेवर यायची. गाडीखाली थेंब नाही. ऑइलची पट्टी काढून पाहिली तर ऑइल काळंभोर, दुधाळ झालेलं नाही. आत पायाशी ओल नाही, गोडसर वास नाही. तापमानाचा काटा कायम मध्यावर.

डिझेल कमी होतं, कारण ते जळतं. कूलंट जळत नाही. इंजिनातली उष्णता उचलायची, रेडिएटरमध्ये वाऱ्याच्या हवाली करायची आणि परत इंजिनात जायचं, एवढंच त्याचं काम. ही वाट बंद असते. झाकण आत साधारण एक बार जादा दाब धरून ठेवतं. तेवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. म्हणून तर गरम इंजिनाचं झाकण उघडलं की उकळतं पाणी अंगावर येतं. ते कधीच उघडू नये.

वाट बंद आहे, तरी पातळी उतरते. म्हणजे कूलंट बाहेर जातंय, आणि जायच्या वाटा मोजक्याच आहेत. पाइप, क्लिप, रेडिएटर किंवा वॉटर पंपातून सरळ बाहेर. हेड गॅस्केट गेलं असेल तर सिलिंडरमध्ये शिरून सायलेन्सरमधून वाफेच्या रूपानं, नाहीतर ऑइलमध्ये. हीटरच्या छोट्या रेडिएटरमधून केबिनमध्ये. झाकणाची स्प्रिंग मऊ पडली असेल तर झाकणातून. काही डिझेल गाड्यांत धुराचा थोडा भाग गार करून परत इंजिनात सोडणारा कूलर असतो. तो आतून फुटला तर पाणी धुराबरोबर जातं. यादी एवढीच.

माणसांची यादी मात्र वेगळी निघाली. तीन दिवसांत आमच्याकडे तीन सिद्धांत आले.

पहिला शेजारून आला. गावातला एक बारावी झालेला मुलगा रोजावर आमची गाडी चालवायचा. तो तुळजापूरची एक फेरी करून आला आणि त्यानंतरच अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, लक्षात आलं की पातळी उतरलीय. “पोरानं गाडी तापवून आणली असंल आणि बोलला नसंल,” शेजारच्या काकांनी निकाल दिला. अण्णांना तो पटला. दुसरा सिद्धांत एका गॅरेजमधून आला: हेड गॅस्केट गेलंय, हेड उतरवावं लागेल, पंचवीस हजार. तिसरा नात्यातून आला: “काटा मध्यावर आहे ना? मग मध्यावर आहे तोवर विकून टाका.”

हे तिन्ही सिद्धांत देणारे वाईट नव्हते. पण तिघांनीही एकच केलं: प्रश्न लवकर मिटवला. पहिल्यानं माणूस शोधला, दुसऱ्यानं सगळ्यात महाग शक्यता, तिसऱ्यानं पुढचा मालक. पाणी कुठं जातंय हे कुणीच विचारलं नाही.

गौतमाच्या न्यायसूत्रांच्या सुरुवातीला ज्या सोळा पदार्थांची यादी आहे, तिच्यात संशय तिसरा आहे. म्हणजे संशय येणं ही काही लाजेची गोष्ट नाही. शोध तिथूनच सुरू होतो. पण निर्णय नववा आहे. मध्ये पाच मुक्काम लागतात: प्रयोजन, दृष्टांत, सिद्धांत, अवयव, तर्क. आणि निर्णयाच्या पुढे येतात वाद, जल्प आणि वितंडा. जल्प म्हणजे नुसती जिंकण्यासाठीची चर्चा. वितंडा म्हणजे स्वतःचं काहीच न मांडता दुसऱ्याचं खोडणं. आमच्या ओसरीवरची चर्चा तिसऱ्या पायरीवरून उडी मारून थेट तिथं पोचली होती. व्हॉट्सॲपचा कुठलाही कौटुंबिक ग्रुप उघडला तरी हेच दिसेल.

मुलावरच्या संशयाला आधार काय, तर तो येऊन गेला आणि नंतर पातळी उतरलेली दिसली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. फांदी आधीपासून किडलेली होती का, हे पाहायला कुणी झाडावर चढत नाही. कावळा समोर दिसतो आणि तेवढं पुरतं.

गॅस्केटवाल्या निदानाला आधार होता पांढऱ्या धुराचा. पहाटे गाडी चालू केली की सायलेन्सरमधून पांढरं काहीतरी यायचं. धूर दिसतो म्हणून डोंगरावर आग आहे, हे आपल्या तर्कशास्त्रातलं सगळ्यात घासून गुळगुळीत झालेलं उदाहरण. पण त्याच परंपरेत त्याची दुसरी बाजूही सांगून ठेवली आहे: धुकं किंवा वाफ लांबून धुरासारखी दिसते आणि नसलेली आग सिद्ध होऊन बसते. बालाघाटच्या डोंगरावर हिवाळ्यातल्या पहाटे प्रत्येक गाडी पांढरी वाफ सोडते, धडधाकट इंजिनाचीसुद्धा. इंधन जळताना पाणी तयार होतंच, आणि थंड हवेत ते दिसतं. इंजिन पुरतं तापल्यावरही पांढरा, जाडसर धूर येत राहिला तर गोष्ट निराळी. आमच्याकडे तो पाच मिनिटांत थांबायचा. ही पाच मिनिटं कुणी थांबून पाहिली नव्हती.

या सगळ्यात अण्णा रोज सकाळी एक काम नेमानं करत होते. बोअरच्या पाण्याचा तांब्या आणायचा, डब्यात ओतायचा, वरच्या खुणेपर्यंत. ते पाहताना बरं वाटायचं. कमी पडलेलं भरून काढणं हा चांगुलपणाच वाटतो, मग ते गाडीतलं पाणी असो, भावाचं कर्ज असो की मित्राचं पुन्हा एकदा राहिलेलं भाडं.

पण या ओतण्यानं दोन गोष्टी होत होत्या. एक, पातळी कायम वर दिसल्यामुळे किती जातंय याचा अंदाजच राहत नव्हता. दुसरी जास्त महत्त्वाची. कूलंटला रंग देतात तो गळती दिसावी म्हणूनही. महिनाभर साधं पाणी ओतत गेल्यावर तो हिरवा रंग फिका होत होत संपला. आता कुठं थेंब पडला असता तरी तो नुसत्या पाण्यासारखाच दिसला असता. वरून घातलेल्या भरीनं खालचा पुरावा पुसला होता. शिवाय बोअरच्या पाण्यातले क्षार आत साचत होते ते वेगळंच.

१८७७ साली विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञानं ‘द एथिक्स ऑफ बिलीफ’ या निबंधात एका जहाजमालकाची गोष्ट रचली. जहाज जुनं, बऱ्याच वेळा डागडुजी झालेलं. त्यातून स्थलांतरितांची कुटुंबं निघायची आहेत. मालकाच्या मनात शंका येतात, पण तपासणी महाग आहे. मग तो स्वतःची समजूत घालतो: इतक्या सफरी पार पडल्या, हीही पडेल, देव आहे. त्याचा विश्वास अगदी प्रामाणिक असतो. जहाज बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, तो दोषी आहे, कारण त्या विश्वासाचा त्याला हक्क नव्हता. आणि पुढचा मुद्दा झोंबणारा आहे: जहाज सुखरूप पोचलं असतं तरी तो तेवढाच दोषी होता. फक्त ते उघडकीला आलं नसतं.

‘काटा मध्यावर आहे तोवर विकून टाका’ या सल्ल्यात जहाज बुडतं ते दुसऱ्याचं, एवढाच फरक.

क्लिफर्डला विल्यम जेम्सनं १८९६ साली उत्तर दिलं: काही निर्णय असे असतात की पुराव्याची वाट पाहत बसणं हाच एक निर्णय ठरतो. हे आम्हाला एका रात्री कळलं. आजीला रात्री दहाला बार्शीच्या दवाखान्यात न्यायचं होतं आणि दारात हीच गाडी होती. अण्णांनी मागच्या सीटखाली पाण्याचे दोन कॅन ठेवले आणि काट्यावर डोळा ठेवून गाडी नेली. मला वाटतं, क्लिफर्ड आणि जेम्स या दोघांची भांडणं त्या दोन कॅनपाशी मिटतात. गाडी ठीक आहे असं मानून निघणं वेगळं, आणि ती ठीक नाही हे धरून, तयारीनं निघणं वेगळं. वागणं तेच, रस्ता तोच. पण दुसऱ्या वागण्यात स्वतःशी खोटं बोलणं नाही.

तेव्हा भर घालणं मुळातच चूक, असं मला म्हणायचं नाही. मराठवाड्यात राहून ते म्हणवतच नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या फेरीत सुमारे पाच लाख लिटर. त्या दिवशी फलाटावर कुणी ‘आधी मांजरा धरण कोरडं का पडलं ते सांगा, मग पाणी देऊ’ असं म्हटलं असतं तर तो क्रूरपणा झाला असता. तहानेला आधी पाणीच लागतं. अडचण नंतर सुरू होते. टँकर वेळेवर येऊ लागला की ‘का’ हा प्रश्न हळूहळू असभ्य वाटायला लागतो. भर घालणारा आणि भर घेणारा, दोघांनाही सवय होते.

यावर एक साधा उपाय मला चौकाजवळच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींनी शिकवला. गावात सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी बोनेट उघडण्याआधी विचारलं, “किती पाणी घातलं, कवा घातलं, लिहून ठिवलंय का?”

नव्हतं. मग वही सुरू झाली. रोज सकाळी सहाला, त्याच सपाट जागी, इंजिन गार असताना पातळी पाहायची. मोजून ओतायचं. तारीख, मिलिलिटर, किती किलोमीटर झाले, गाडी रात्री कुठं होती. ओतणं तेच होतं. पण मोजून लिहिल्यावर ते मलमपट्टीऐवजी मोजमाप झालं. दोन आठवड्यांत वहीतून एक गोष्ट वर आली. गाडी शंभर किलोमीटर पळाली त्या दिवशी जेवढं पाणी कमी व्हायचं, जवळजवळ तेवढंच ती चार किलोमीटर जाऊन आली त्या दिवशीही व्हायचं. आणि अजिबात हलली नाही त्या दोन दिवशी कमी झालंच नव्हतं.

चाचांनी वही पाहिली आणि हेड उतरवायला नकार दिला. ज्या कामातून त्यांना चांगले पैसे सुटले असते त्याच कामाला. त्यांचं म्हणणं मला अजून पुरतं. “हेड उतरवलं की समदे पाइप सुटतात, क्लिपा नव्या बसतात, कूलंट नवं पडतं. उद्या गळती थांबली तर तुम्ही म्हणणार, गॅस्केटच होतं. खरं काय होतं, ते मलाबी कळायचं न्हाई आन् तुम्हालाबी.”

चुकीचा इलाज लागू पडतो तेव्हा तो सगळ्यात धोकादायक असतो. मी हा विचार त्या मुलाला लावून पाहिला आणि अंगावर काटा आला. समजा त्याला कामावरून काढलं आणि दोन महिन्यांनी गळती आपोआप कमी झाली. मग तो कायमचा दोषी. ओसरीवर सगळे म्हणाले असते, बघा, पोरगं गेलं आणि पाणी टिकलं. तो खोटा नव्हता हे सिद्ध करायची कुठलीच वाट त्याच्या हातात उरली नसती. आणि तसं होणारच होतं, हे पुढं कळलं.

“गरम इंजिन समद्यांनी बघितलं,” चाचा म्हणाले. “गार होताना कुणी बघितलं का?”

गाडी गॅरेजला जायची ती दिवसा, चालून, तापून. तापल्यावर धातू फुगतो आणि सांधे घट्ट बसतात. बारीक ओल आलीच तरी तापलेल्या धातूवर तिची लगेच वाफ होते. रात्री गाडी अंगणात थांबली की उलटं होतं. धातू, प्लॅस्टिक आणि रबर वेगवेगळ्या वेगानं आकसतात, आत थोडा दाब शिल्लक असतोच, आणि म्हाताऱ्या क्लिपेखाली फट पडते. थंडी जेवढी जास्त, तेवढी फट मोठी. उन्हाळ्यात ती पडलीच नसती.

इलाज होता एक पुठ्ठा. फ्रिजचा मोठा खोका उलगडून रात्री गाडीखाली पसरला. पहाटे पाचला टॉर्च घेऊन पाहिलं तर इंजिनाच्या मागच्या बाजूला, हीटरकडे जाणाऱ्या पाइपाच्या बरोबर खाली, तळहाताएवढा ओला डाग होता. इतके दिवस तेवढं पाणी अंगणातली काळी माती पीत होती आणि उजाडेपर्यंत मागमूस राहत नव्हता. पाणी खरोखर मुरत होतं.

तो सांधा हातानं चाचपला तर क्लिपेभोवती पांढरी खरखरीत किनार लागली. बोअरच्या पाण्याची वाफ झाली, पण त्यातला चुना मागे राहिला. येरमाळ्यात वाढलेल्या कुणालाही हा पांढरा रंग ओळखीचा आहे. चैत्र पौर्णिमेच्या येडेश्वरीच्या यात्रेत भाविक रानातली चुनखडी वेचतात. लहानपणापासून मी ते पाहत आलेय. पण रानातले ते खडेही उडून गेलेल्या पाण्याचेच अवशेष असतात, हा विचार त्या पहाटे पहिल्यांदा डोक्यात आला. जमिनीतल्या पाण्यात विरघळलेला चुना पाणी आटलं की मागे राहतो, साचत साचत खडा होतो. पाणी गेलं तरी जिथून गेलं तिथं खूण ठेवून जातं. फक्त ती शोधायला गुडघ्यांवर बसावं लागतं.

चाळीस रुपयांची क्लिप आणि हातभर पाइप. जुनं पाणी काढून नवं कूलंट योग्य प्रमाणात भरलं. सांडलेलं लगेच धुऊन टाकलं, कारण कूलंटमधलं इथिलिन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि कुत्र्या-मांजरांना थोडंसंही जीवघेणं ठरतं. आमच्या अंगणात एक कुत्रं झोपतं. पहिले चार दिवस पातळी पुन्हा जरा उतरली आणि घरात चेहरे पडले. चाचांनी सांगितलं होतं, आत अडकलेली हवा निघेल तसं होईल. पाचव्या दिवसापासून ती स्थिर आहे.

त्या मुलाचं काय?

त्याला कुणी शिवी दिली नव्हती, कामावरून काढलंही नव्हतं. फक्त बोलावणं थांबलं होतं. आणि का थांबलं ते चौकात सगळ्यांना कळलं होतं. ‘तो गाडी तापवतो’ एवढं वाक्य पुरलं. आणखी दोन घरांनीही त्याला बोलावणं सोडलं. पाण्याची वही होती, पुठ्ठा होता. त्याच्या बाजूनं असं काहीच नव्हतं. यंत्रावरचा संशय तपासायला आपण दाब मोजतो, रात्र जागतो. माणसावरचा संशय तपासायची आपली एकच पद्धत आहे: तो आणखी चौघांना सांगायचा, आणि चौघांनी माना डोलावल्या की तो खरा धरायचा.

अण्णा एका संध्याकाळी चौकात गेले. ड्रायव्हर पोरं उभी असतात तिथं, सगळ्यांच्या देखत म्हणाले, “आमच्या गाडीची क्लिप गेली होती. ह्याचा काही संबंध नव्हता.” घरी बोलावून, चहा पाजून हे सांगता आलं असतं. पण संशय चौकात फिरला होता, त्यामुळे तो मागं घ्यायची जागाही चौकच होती. तोपर्यंत मुलाला कळंबला एका टेम्पोवर काम लागलं होतं. तो नंतर एकदा आमची गाडी घेऊन गेला. निघण्याआधी त्यानं बोनेट उघडलं, अण्णांना डब्याची पातळी दाखवली, मोबाइलवर फोटो काढला. परत आल्यावर पुन्हा तेच. काही बोलला नाही. ती सवय त्याला कुणी लावली, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.

वही अजून गाडीत आहे. डाव्या कप्प्यात, कागदपत्रांबरोबर. आता रोज लिहायची गरज नाही, आठवड्यातून एकदा पुरतं. गाडी पुढच्या वर्षी विकायचा विचार चाललाय. मागच्या महिन्यात एक गिऱ्हाईक पाहून गेलं तेव्हा त्याच नातेवाइकांनी हळूच सुचवलं, वही आत ठेवा, उगाच शंका येईल. अण्णांनी ती गिऱ्हाइकाच्या हातात दिली आणि पुठ्ठ्याच्या रात्रीचं पान उघडून दाखवलं. त्यानं भाव दोन हजारांनी पाडला. अण्णा म्हणाले, चालेल.